भिगवणला आपलंच पाणी भेटतं

होडीत बसल्यावर काकांनी दोनच सूचना दिल्या. उभं राहायचं नाही, आणि पक्षी जवळ आले की मोठ्यानं बोलायचं नाही. बाकी फोटो काढा, व्हिडिओ काढा, काहीही करा.

फेब्रुवारीतला रविवार होता. थेरगावातून आम्ही तिघं मित्र पहाटे चारला निघालो, हडपसर, यवत, पाटस, कुरकुंभ असं करत सोलापूर रस्त्यानं भिगवण गाठलं आणि उजाडायच्या बेताला कुंभारगावच्या काठावर आलो. काठावर मासेमारीच्या होड्या ओळीनं लागलेल्या होत्या. हिवाळ्यात याच होड्या पर्यटकांना पक्षी दाखवतात. तास-दीड तासाची फेरी असते. होडी चालवणारा माणूस मच्छीमार असतो आणि गाइडही तोच.

थोडं आत गेल्यावर काकांनी इंजिन बंद केलं आणि लांब बांबूनं होडी रेटायला लागले. समोर पांढरट-गुलाबी पट्टा होता. जवळ गेलो तसा तो हलायला लागला. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. माना पाण्यात, चोची उलट्या, आणि पाय जागच्या जागी चिखल तुडवताहेत. फ्लेमिंगोची चोच ही गाळणी असते. पाणी आत ओढायचं, जिभेनं बाहेर ढकलायचं, शेवाळ आणि बारीक जीव आत ठेवायचे. त्याच खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे त्यांना तो गुलाबी रंग येतो. एक थवा उडाला तेव्हा पंखांखालचा लाल रंग दिसला आणि त्यांना ‘अग्निपंख’ का म्हणतात ते कळलं.

पुढं पट्टकदंब दिसले, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले हंसासारखे पक्षी. हे हिमालय ओलांडून येतात. चक्रवाकांच्या जोड्या होत्या, चित्रबलाक होते, आणि होडीमागं भिरभिरणारे कुरव तर मोजता येणार नाहीत इतके होते. मित्रानं विचारलं, “काका, हे पक्षी इथं कधीपासून येतात?”

काका म्हणाले, “पाणी आलं तवापास्नं.” मग बांबूनं उजवीकडं दाखवलं. “आमचं जुनं गाव तितं हुतं. तळाला.”

मी मोबाइल खाली ठेवला. तोवर माझ्या डोक्यात भिगवण म्हणजे एक जुनं, नैसर्गिक तळं होतं. इंस्टाग्रामवरच्या फोटोंमध्ये तसंच दिसतं. प्रत्यक्षात हे तळं माझ्या आईवडिलांपेक्षाही लहान आहे.

भीमेवर सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात उजनी धरण आहे. १९६६ साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९८० साली ते पूर्ण झालं. जलाशयाला नाव मिळालं यशवंतसागर. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ हा सगळा भाग या धरणाच्या फुगवट्याचा. म्हणजे आज जिथं होडी चालते तिथं पूर्वी नदीकाठची काळी जमीन होती. ज्वारी होती, गुरं होती, घरं होती, देवळं होती. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर असंच पाण्यात गेलं. दुष्काळी वर्षी उजनीचं पाणी फार खाली गेलं की त्याचं शिखर आणि मग पूर्ण मंदिर उघडं पडतं. बातम्यांमध्ये त्याचे ड्रोनचे व्हिडिओ येतात. काका म्हणाले, “लोकं बघाया येत्यात. आमची म्हातारी मात्र कवाच आली न्हाई.”

महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली. उजनीची पायाभरणी त्याच्या दहा वर्षं आधीची. जमिनी जायला सुरुवात झाली तेव्हा पुनर्वसन हा कायद्यानं मागायचा हक्क नव्हता. सरकार जे देईल ते घ्यायचं होतं.

धरणाआधीही या भागाला इतिहास होता, आणि तो पिंपरी-चिंचवडशी जोडलेला होता. १८५८ साली खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली. ती चिंचवडवरूनच जाते. त्याच वर्षाअखेरीला रुळ पुण्याहून पुढं डिकसळपर्यंत गेले. तेव्हा बोरघाटातला रुळ तयारही नव्हता, तो पूर्ण झाला १८६३ साली. म्हणजे मुंबईहून सलग रेल्वेनं चिंचवडला पोचता येत नव्हतं, पण चिंचवडहून डिकसळला जाता येत होतं. त्या काळी काही महिने डिकसळ हे या मार्गाचं शेवटचं टोक होतं. पुढच्या वर्षी रुळ बार्शी रोडकडं सरकले. सव्वाशे वर्षांनी धरणाचं पाणी चढलं तेव्हा रेल्वेलाही जुनी वाट सोडून बाजूला सरकावं लागलं.

रुळांनंतर आपल्याला भिगवणशी जोडलं ते पाण्यानं.

हे मला होडीत सुचलं नाही. परतताना यवतला चहा प्यायला थांबलो तेव्हा मी सहज मॅप उघडला आणि बोटानं भीमा उलट्या दिशेनं वर सरकवत गेलो. भिगवण, दौंड, मग रांजणगाव सांडस. तिथं मुळा-मुठा भीमेला मिळते. मुळा-मुठेवरून वर गेलो की पुण्यातला संगम. तिथून मुळेवरून वर दापोडी. दापोडीला मुळेत पवना मिळते. पवनेवरून वर कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आणि थेरगाव. बोट जिथं थांबलं तिथून माझी बिल्डिंग दिसत होती.

दुसऱ्या फाट्यानं गेलं तरी तेच. तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते. तिच्यावर आळंदी, मोशी, चिखली, देहू. चाकणच्या पट्ट्यातली भामा नदीही शेवटी भीमेतच येते. तळेगावपासून चाकणपर्यंत आणि हिंजवडीपासून भोसरीपर्यंत कुठंही बादलीभर पाणी सांडलं, तर त्याचा उतार उजनीकडं आहे.

आपण पिंपरी-चिंचवडकर पाणी पितो ते पवना धरणाचं. हे धरण १९७२ सालचं. धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात, निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध करतात आणि मग ते आपल्या टाकीत येतं. ते पिऊन, अंघोळ करून, वॉशिंग मशीन आणि कारखान्यांतून फिरून परत नदीत जातं. शहरात मैलाशुद्धीकरण केंद्रं आहेत. तरी उन्हाळ्यात पवनेच्या पुलावरून जाताना गाडीच्या काचा वर कराव्या लागतात आणि नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा असतो. गेली काही वर्षं कार्तिकीच्या सुमाराला आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो आणि वारकरी त्या फेसात उतरून स्नान करतात. हे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत, फॉरवर्डही केलेत.

मी तारखा एकाशेजारी एक लिहून काढल्या. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. १९६६ साली उजनीची पायाभरणी. १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका. १९८० साली उजनी पूर्ण. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका. आपलं शहर आणि ते तळं एकाच काळात उभं राहिलं, एकाच नदीच्या दोन टोकांना. दोन्हींसाठी शेतजमिनी गेल्या. इकडं जमीन गेलेल्यांच्या पुढच्या पिढीतल्या काहींना कारखान्यांत नोकऱ्या मिळाल्या, काहींना नंतर जागांचे भाव मिळाले. तिकडं जमीन गेलेल्यांना पाणी मिळालं. त्यावर होडी घालून काहीजण मच्छीमार झाले.

असा व्यवहार या खोऱ्यात पहिल्यांदा झाला नव्हता. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. ते धरण याच मुळेवर होतं. सत्याग्रह हरला, धरण झालं, आणि मुळेचं पाणी कोकणात भिरा इथं वळवून वीज तयार व्हायला लागली. शंभर वर्षं झाली, नदी कुणासाठी अडवायची आणि किंमत कुणी मोजायची हा प्रश्न तसाच आहे.

उजनीच्या बाबतीत एक गंमत दर उन्हाळ्यात पेपरात येते. ‘उजनी मायनसमध्ये’. टक्केवारी उणे कशी असेल, असं मला शाळेत असताना वाटायचं. त्याचं उत्तर धरणाच्या रचनेत आहे. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे त्या पातळीखालचं पाणी कालव्यांत नेहमीसारखं जात नाही. वरचा साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी फक्त वरच्या भागाची मोजतात. म्हणजे शून्य टक्के झाले तरी धरणात निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि ते वापरायला लागलं की आकडा उणे होतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. मृतसाठ्यातसुद्धा किती पाणी आहे याचा हिशेब तुम्हीच करा.

फ्लेमिंगोंची गोष्ट या आकड्यांशी जोडलेली आहे. त्यांना खोल पाणी चालत नाही. पाय टेकायला उथळ पाणी आणि खाली चिखल लागतो. पावसाळ्यानंतर धरण काठोकाठ भरलेलं असतं तेव्हा त्यांना जागा नसते. मग शेतीला पाणी सुटतं, पातळी उतरते, काठावरचा चिखल उघडा पडतो आणि थवे उतरतात. ते कच्छच्या रणात वीण घालतात. सलीम अलींनी १९४५ साली तिथली फ्लेमिंगोंची वसाहत जाऊन पाहिली होती. त्या वेळी उजनी धरण कागदावरही नव्हतं. आज फ्लेमिंगोंचं हिवाळ्यातलं वेळापत्रक उसाच्या पाण्याच्या आवर्तनांशी बांधलं गेलंय.

आणि इथंच मला अडचण वाटते. आपल्या सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस जातो. पाण्यात ही द्रव्यं वाढली की शेवाळ वाढतं. शेवाळ आणि त्यावर जगणारे बारीक जीव हे फ्लेमिंगोंचं खाणं. म्हणजे आपण जो सुंदर गुलाबी थवा बघायला जातो, त्याच्या ताटात थोडं आपल्याच गटारातलं असू शकतं. पक्षी दिसतात म्हणजे पाणी चांगलं, असं म्हणता येत नाही. मासे जास्त खरं सांगतात. काकांना विचारलं की जाळ्यात काय लागतं. ते म्हणाले, “चिलापी. आन् चिलापी.” चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात आणली १९५२ साली. खराब पाण्यातही ती तग धरते. काकांच्या वडिलांना मिळायचे ते मरळ, वाम, आहेर आता कधीतरीच येतात, असं ते म्हणाले. भिगवणच्या हॉटेलांत आपण चवीनं खातो त्या थाळीत बहुतेकदा चिलापीच असते.

फेरी संपत आली तेव्हा काकांनी विचारलं, “कुठनं आलात?”

“पिंपरी-चिंचवड.”

“मंजी वरनं,” ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. वरनं म्हणजे नदीच्या वरच्या अंगानं. त्यांच्या नकाशात शहरं अशी आहेत, वरची आणि खालची. खाली सोलापूर आहे, त्या शहराला उजनीतून पाइपलाइननं प्यायचं पाणी जातं. खाली पंढरपूर आहे. आषाढीला चंद्रभागेत वारकऱ्यांना स्नानाला पाणी हवं म्हणून उजनीतून पाणी सोडतात.

तुकोबांची पालखी देहूतून निघते आणि पहिला मोठा मुक्काम आमच्या आकुर्डीत करते. त्या दिवशी सगळं शहर रस्त्यावर असतं. आम्हीही पाणी वाटतो, राजगिऱ्याचे लाडू वाटतो, आल्या वारकऱ्याच्या पाया पडतो. पुढं पालखी लोणी, यवत, बारामती, इंदापूर करत पंढरीला पोचते. इंद्रायणीचं पाणीही देहूहून निघून भीमेतून, उजनीतून पंढरीलाच पोचतं. वारकऱ्याला आपण ज्या हातानं बाटली देतो, त्याच हातानं आपण वर्षभर त्याच्या चंद्रभागेत काय सोडतो हे मॅपवर बोट फिरवलं की दिसतं.

तुम्ही भिगवणला जरूर जा. डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला, पहाटेची वेळ सगळ्यात चांगली. होडी स्थानिक मच्छीमाराचीच घ्या. थवा उडवून दाखवायचा आग्रह त्याला करू नका, उडताना पक्ष्यांची ताकद खर्च होते आणि त्यांना परत कच्छ गाठायचंय. आणि होडीवाल्याला त्याचं जुनं गाव कुठं होतं ते विचारा.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. गॅलरीतून पवना दिसते. पुलाजवळ नाल्याचं पाणी नेहमीसारखं नदीत पडत होतं. गेल्या पाच वर्षांत मी ते रोज बघितलंय, कधी तक्रार केलेली नाही. त्या रात्री महापालिकेच्या ॲपवर फोटोसकट पहिली तक्रार टाकली. ठिकाण या रकान्यात थेरगाव लिहिलं. भिगवण लिहायला तिथं जागा नव्हती.