शिवारातून दिवाणखान्यात

तमिळनाडूच्या दक्षिणेकडच्या कोरड्या शिवारांत राजापालयम, कोंबई, चिप्पीपराई, कन्नी ही कुत्री कामाची म्हणून पाळली जात. कोंबई राखण करी आणि रानडुकराला भिडे. लांब पायांचा चिप्पीपराई सशामागे सुसाट सुटे. आपल्याकडचा कारवान कुत्राही याच कामाचा. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोपासना केली.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले. शिकार कमी झाली, पण माग काढण्याची आणि झेप घेण्याची ओढ या कुत्र्यांच्या रक्तात राहिली.

याच राज्याची राजधानी मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई. या शहराचे कुत्र्यांशी नाते बराच काळ वेगळेच होते. रस्त्यावरची कुत्री पकडून मारण्याची पालिकेची पद्धत १८६०पासून चालू होती. ‘कलाक्षेत्र’ या कलासंस्थेच्या संस्थापक रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६०चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला आणि १९६२मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. कॅप्टन व्ही. सुंदरम यांनी १९५९मध्ये इथेच ‘ब्लू क्रॉस’ सुरू केली. मारण्याऐवजी नसबंदी करा, हा या संस्थेचा आग्रह पालिकेने अखेर १९९६मध्ये मान्य केला.

याच काळात घरेही बदलली. मैलापूर, अड्यारमधले अंगणाचे बंगले पडून तिथे फ्लॅट उभे राहिले आणि ओसरीवरचा कुत्रा दिवाणखान्यात आला. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने २०१५मध्ये स्पष्ट केले. पण चेन्नईचे हवामान कोण बदलणार? मे महिन्यात दुपारी डांबरावर पंजे भाजतात, ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाने गल्ल्या तुंबतात. मार्च २०२०च्या टाळेबंदीत तर माणसांचे पायही घरातच अडकले.

घरातल्या खेळांची गरज अशी आली. जगात त्यांची तयारी आधीच झाली होती. अमेरिकेत ज्यो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा कुत्रा दगड चावून दात झिजवत असे. फोक्सवॅगनच्या एका रबरी भागावर तो खूश झालेला पाहून मार्कहॅम यांनी १९७०च्या दशकात खाऊ भरता येईल असे पोकळ ‘काँग’ खेळणे बनवले. मानसशास्त्रज्ञ जॉन पिली यांनी चेसर या कुत्रीला हजाराहून अधिक खेळणी नावानिशी ओळखायला शिकवली, तीही खेळता खेळता.

चेन्नईच्या फ्लॅटमध्ये यासाठी महागडे सामान लागत नाही. जुन्या टॉवेलच्या घडीत किंवा कागदी पेल्यांखाली उकडलेल्या रताळ्याचे तुकडे लपवले की नाकाला काम मिळते. नजरेने शिकार करणाऱ्या चिप्पीपराईला काठीला दोरीने बांधलेली चिंधी जमिनीलगत फिरवून दाखवावी. मधूनमधून ती त्याला तोंडात पकडू द्यावी, नाहीतर तो वैतागतो. दारामागे लपून नावाने हाक मारली की लपाछपी होते. गुळगुळीत फरशीवर पाय घसरून सांधे दुखावतात, म्हणून आधी सतरंजी अंथरावी. दहा-पंधरा मिनिटे खेळावे आणि कुत्र्याचा उत्साह टिकून असतानाच थांबावे.

शिकारी कुत्रा फ्लॅटमध्ये आणण्याचा निर्णय त्याचा नसतो, आपला असतो. म्हणून देशी जातीचे पिल्लू घरी आणण्याआधी रोज त्याच्याशी खेळायला वेळ काढता येईल का, हे ठरवा. जमणार नसेल तर ते आणू नका.