स्वयंवराचा कारखाना



युनियनचा माणूस आणि प्रेमाचे खेळ, ही जोडी कार्यक्रमपत्रिकेवर पाहून आपल्यांपैकी काहींना छपाईची चूक वाटली असेल. चूक नाही, विषय आम्हीच मागून घेतला. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण गेटवरच्या सभांत, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी करू नये. पण एखादा धंदा कसा उभा राहिला, त्यात राबणारा कोण, कमावणारा कोण आणि अपघात झाला तर जबाबदार कोण, एवढे पाहण्याची सवय आम्हांला तीस वर्षांची आहे. त्याच नजरेने आज ब्रिटनमधल्या ‘लव्ह आयलंड’ नामक टेलिव्हिजनच्या खेळाचा इतिहास आपल्यापुढे मांडावा असा विचार आहे.

हा विषय आमच्या डोक्यात शिरला तो कारेगावच्या एका खोलीत. २०२४ च्या सप्टेंबरात कंत्राटी मुलांची बैठक ठेवली होती. रांजणगावच्या एम.आय.डी.सी.त कामाला येणारी ही मुले आपण पाहिली असतील. कोणी बीडचा, कोणी वाशीमचा, कोणी थेट बिहारचा. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहतात, त्यांतले तिघे पाळीवर आणि तिघे झोपलेले. बैठकीचा विषय बोनसचा होता, म्हणजे त्यांच्याच खिशाचा. तरी सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये. चौकशी केली तेव्हा कळले, मतदान चालू आहे. ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वात आमच्याच जिल्ह्यातला, बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण होता, आणि पोरे त्याला मते देत होती. ऑक्टोबरच्या ६ तारखेला तो जिंकला, १४ लाख ६० हजारांचे बक्षीस त्याला मिळाले, तेव्हा आमच्या चाळीत फटाके वाजले. युनियनच्या निवडणुकीत इतक्या हौसेने मतदान झालेले आम्ही कधी पाहिले नाही, हेही कबूल केले पाहिजे.

त्याच खोलीत कोपऱ्यात एक मुलगा आवाज बंद करून दुसरेच काही पाहत होता. निळ्या पाण्याचा हौद, भोवती गोरी मुले-मुली. इंग्रजी त्याला कळत नव्हते, म्हणून आवाज बंद. त्याने आम्हांला विचारले, “अण्णा, ह्यांना पोरगी द्यायच्या आधी कुणी जमीन विचारत नाही का?” आम्ही हसलो. घरी आल्यावर मात्र हसू टिकले नाही. मुलगा सत्तावीस वर्षांचा होता आणि दोन वर्षांत त्याला आठ ठिकाणांहून नकार आला होता.

आता मूळ विषयाकडे येऊ. जोडीदार निवडण्याचा सोहळा चारचौघांत करण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. सीतेचे आणि द्रौपदीचे स्वयंवर कीर्तनातून आपण ऐकलेच आहे. नाव स्वयंवर, पण धनुष्य मांडतो जनक आणि मत्स्ययंत्र टांगतो द्रुपद. वरमाला मुलीच्या हाती असली तरी पण लावणारा दुसराच. हे आपण ध्यानात ठेवू, कारण पुढे हाच पण लावणारा पुन्हा भेटणार आहे.

टेलिव्हिजनवर हा प्रकार आला अमेरिकेत, १९६५ साली, ‘द डेटिंग गेम’ या नावाने. ब्रिटनमध्ये त्याच धर्तीचा ‘ब्लाइंड डेट’ १९८५ साली सुरू झाला. मध्ये पडदा, अलीकडे एक जण, पलीकडे तिघे, आणि सूत्रधार सिला ब्लॅक ही गायिका. शनिवारी रात्री सबंध कुटुंब बसून पाहावे असा तो सोवळा खेळ होता. सहभागी माणसे तासाभराचे काम करून घरी जात. हा खेळ २००३ पर्यंत चालला.

दरम्यान दोन गोष्टी घडल्या, आणि पहिलीशी आमच्या बिरादरीचा संबंध आहे. १९८८ साली अमेरिकेतल्या चित्रपट-टेलिव्हिजनच्या लेखकांनी संप केला. तो सुमारे बावीस आठवडे चालला. नव्या मालिका थांबल्या, वाहिन्यांचे वेळापत्रक उघडे पडले. १९८९ साली ‘कॉप्स’ नावाचा कार्यक्रम आला. पोलिसांच्या गाडीत कॅमेरा ठेवायचा आणि घडेल ते दाखवायचे. त्याला लेखक नको, नट नको. संपामुळेच सारे झाले असे म्हणणे धाडसाचे होईल. कॅमेरेही स्वस्त आणि हलके झाले होते. पण मालकाला एकदा का कळले, की ज्याच्यावाचून काम अडते असे वाटत होते त्याच्यावाचूनही ते चालते, की तो ते विसरत नाही. गिरणगावात १९८२ च्या संपानंतर माग भिवंडीकडे कसे गेले, हे ज्यांनी पाहिले त्यांना अधिक सांगायला नको.

दुसरी गोष्ट हॉलंडमध्ये घडली. १९९९ च्या सप्टेंबरात जॉन डी मोल या निर्मात्याने ‘बिग ब्रदर’ सुरू केले. काही माणसे एका घरात कोंडायची, चोवीस तास चित्रण करायचे, आणि प्रेक्षकांच्या मताने एकेकाला बाहेर काढायचे. जुलै २००० मध्ये ते ब्रिटनच्या चॅनेल फोरवर आले. आपल्याकडे ‘बिग बॉस’ या नावाने नोव्हेंबर २००६ मध्ये आले, आणि त्याचे घर बरीच वर्षे आमच्या पुणे जिल्ह्यातच, लोणावळ्याला होते. मराठी अवतार २०१८ चा. लोणावळ्याला लोक चिक्कीसाठी जातात. तिथेच माणसांच्या भांडणाचाही माल तयार होत होता, हे अनेकांना ठाऊक नसेल.

या दोन धाग्यांतून, म्हणजे जोडी जमवण्याचा खेळ आणि कोंडलेले घर यांतून, ‘लव्ह आयलंड’ विणले गेले. पण पहिल्या खेपेस वीण जमली नाही. आय.टी.व्ही. या कंपनीने २००५ साली फिजी बेटावर नामांकित मंडळींना नेऊन हा खेळ केला. दोन वर्षांत तो गुंडाळावा लागला, प्रेक्षकच पुरेसे मिळाले नाहीत. जून २०१५ मध्ये त्याच कंपनीने आय.टी.व्ही. २ या धाकट्या वाहिनीवर, स्पेनच्या मायोर्का बेटावरील बंगल्यात, तो पुन्हा मांडला. कॅरोलाइन फ्लॅक ही निवेदिका होती, आणि पडद्यामागून थट्टा करणारा आवाज इयन स्टर्लिंगचा. या वेळी फरक एकच मोठा होता. नामांकितांच्या जागी कोणालाच माहीत नसलेली विशी-पंचविशीची मुले-मुली घेतली. कोणी दुकानात काम करणारी, कोणी बांधकामावर, कोणी व्यायामशाळेतला शिक्षक. नामांकित माणूस आपली किंमत ठरवून येतो. अनोळखी मुलगा आशेवर येतो. आमच्या मते दुसऱ्या खेपेच्या यशाचे निम्मे रहस्य इथे आहे.

नियम साधे. जो जोडीविना उरेल तो घरी जाईल. दर काही दिवसांनी नवी मुलगी किंवा नवा मुलगा आत सोडायचा, म्हणजे जमलेली जोडी डळमळते. बाहेरच्या जगाशी संबंध नाही. आठवडेच्या आठवडे जवळजवळ रोज रात्री तासाभराचा भाग, आणि प्रेक्षकांच्या हाती मोबाईलवरून मत. शेवटी जिंकलेल्या जोडीला ५० हजार पौंड. त्यातही एक मेख मारून ठेवलेली होती: बक्षिसाचे पाकीट ज्याच्या हाती येईल त्याने ठरवायचे, की रक्कम जोडीदाराला अर्धी द्यायची की सगळी आपणच ठेवायची. प्रेमाची परीक्षा ती हीच! जनकाने निदान धनुष्य मांडले होते.

खेळ वाढत गेला. २०१८ साली त्याला ब्रिटनचा मानाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जर्मनी अशा अनेक देशांत त्याची प्रतिरूपे निघाली. स्पर्धकांचे पाण्याचे बाटलेसुद्धा विकले गेले, आणि मिसगायडेड नामक कंपनीने २०१८ च्या पर्वात पुरवलेले कपडे लोक त्याच रात्री मोबाईलवर विकत घेऊ लागले. २०१९ मध्ये दुसरी आलेली मॉली-मे हेग दोन वर्षांत एका कपड्यांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर बसली. असे एक उदाहरण हजारोंना अर्ज भरायला पुरते.

सारेच वाईट झाले असे आम्ही म्हणणार नाही. हे खेळ पाहून पिढी बिघडते, असा सूर आमच्या वयाची माणसे लावतात. तो आम्हांला पटत नाही. २०१८ च्या पर्वात एका तरुणाचे मैत्रिणीशी वागणे पाहून ‘विमेन्स एड’ या स्त्रियांच्या संस्थेने जाहीर इशारा दिला, की समोरच्याला स्वतःच्याच मनाविषयी संभ्रमात पाडणे हाही छळ आहे. त्यावर घराघरांत चर्चा झाली. आमच्या माहेरवाशिणींना जे सांगायला शब्द नव्हता, त्याला तिथे शब्द मिळाला. ही कमाई लहान नाही.

पण अपघाताचा हिशेब राहतो. २०१६ च्या पर्वातली एक तरुणी जून २०१८ मध्ये गेली. २०१७ च्या पर्वातला एक तरुण मार्च २०१९ मध्ये गेला. त्याने आपला जीव आपणच घेतला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये स्वतः कॅरोलाइन फ्लॅकने तेच केले. प्रत्येकाची कारणे निराळी, आणि मेलेल्या माणसाच्या मनात शिरण्याचा अधिकार कोणाला नाही. प्रश्न आम्ही विचारतो तो कारखान्यातला आहे: उन्हाळाभर ज्यांच्याकडून काम घेतले, त्यांची जबाबदारी गेटबाहेर पडताच संपते काय? २०१९ च्या मे महिन्यात कंपनीने जाहीर केले, की प्रत्येक स्पर्धकाला परतल्यावर मानसोपचाराच्या किमान आठ बैठका देऊ, पैसा आणि प्रसिद्धी कशी हाताळावी तेही शिकवू. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेच्या समितीने चौकशी हाती घेतली, आणि एप्रिल २०२१ पासून ऑफकॉम या नियामक संस्थेने सहभागी माणसांच्या काळजीचे नियम लागू केले. यंत्राला जाळी बसते ती बोटे तुटल्यावर, हा आमच्या धंद्यातला अनुभव तिथेही खरा ठरला.

अमेरिकेत गोष्ट आणखी एक पाऊल पुढे गेली. ‘लव्ह इज ब्लाइंड’ या अशाच खेळातल्या माणसांनी कामाचे तास आणि मोबदला यांवरून दावे लावले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय कामगार मंडळाच्या एका प्रादेशिक कार्यालयाने तक्रार दाखल करताना म्हटले, की हे स्पर्धक कायद्याने कामगारच आहेत. ही बातमी आम्ही तीनदा वाचली.

आपल्याकडे काय? २००८ साली एम.टी.व्ही.वर ‘स्प्लिट्सव्हिला’ सुरू झाले. २००९ साली मुंबईच्या राखी सावंतने ‘राखी का स्वयंवर’मध्ये सबंध देशासमोर वर निवडला, लग्न लागले नाही, साखरपुडा झाला आणि तोही पुढे मोडला. २०१० साली राहुल महाजनचे लग्न मात्र पडद्यावरच लागले, ते काही वर्षांनी घटस्फोटात संपले. आमच्या खोल्यांत ब्रिटिश खेळाचे तुकडे पोहोचले ते २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर. आणि कायदा? २०२० साली संसदेने संमत केलेल्या सुरक्षाविषयक कामगार संहितेत दृक्‌श्राव्य निर्मितीच्या व्याख्येत ‘रिअ‍ॅलिटी शो’ हे शब्द आलेले आहेत. कामगाराच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक, निवेदक आहेत. स्पर्धक हा शब्द तिथे नाही.

हे वाचून आम्हांला आमचीच मुले आठवली. २०१३ नंतर ‘नीम’ नावाच्या योजनेखाली जी पोरे आमच्या भागातल्या कारखान्यांत आली, त्यांना कामगार म्हणत नसत, ‘ट्रेनी’ म्हणत. लाइनवर आठ तास उभे राहायचे, मिळायचे ते विद्यावेतन. कायमचा कामगार जे करतो तेच काम. नाव तेवढे निराळे. मायोर्काच्या बंगल्यात पाण्याच्या हौदाशी बसलेला मुलगा आणि कारेगावचा ट्रेनी यांची तुलना ऐकून कोणी हसेल. हौद सोडून द्या, कराराचा कागद पाहा.

आणि लग्नाचे म्हणाल, तर डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून अविवाहित तरुणांचा मोर्चा कलेक्टर कचेरीवर गेला. मुलींच्या गर्भाची हत्या थांबवा, कायदा नीट राबवा, ही त्यांची मागणी होती. वर्तमानपत्रांनी बातमी गमतीची म्हणून छापली. जिल्ह्याजिल्ह्यांत मुली कमी जन्मू दिल्या, त्याचे देणे आता ही मुले फेडत आहेत. त्यातून ज्या मुली आहेत त्यांचे बाप विचारतात, नोकरी कायम आहे का. आणि का विचारू नये? हंगामी नोकरीवर मुलगी कोणी द्यावी? तिथे मुलीला कोण विचारतो, हा आणखी निराळा प्रश्न. बेटावरच्या मुलीला निदान नाही म्हणता येते, चार वेळा म्हणता येते. हे त्या आवाज बंद करून पाहणाऱ्या मुलाला आम्ही सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला.

त्याने मुंबईला एका खेळाच्या निवडीसाठी आपली चित्रफीत पाठवली होती. उत्तर आले नाही. गेल्या दिवाळीनंतर गेवराईकडे तो मुलगी पाहायला गेला. मुलीच्या बापाने पहिला प्रश्न तोच केला. हा खरे बोलला. परत आल्यावर रविवारी आमच्या कचेरीत येऊन त्याने विचारले, “अण्णा, कायम आहे असं पत्र युनियनच्या लेटरहेडवर देता येईल का?” आम्ही त्याला चहा दिला आणि पत्र का देता येत नाही ते समजावले. तो पुढच्या पाळीला निघून गेला. त्याचा आणि त्याच्या लाइनवरच्या एकेचाळीस जणांचा दावा सध्या लेबर कोर्टात आहे. पुढची तारीख जूनमधली आहे.