खिडकीबाहेरचं झाड आणि धानोरा रस्त्यावरचा दवाखाना

हेडफोन लावून चालत ऐकत असाल तर उत्तमच, कारण आजचा विषय त्याच्याशीच जोडलेला आहे. जंगलात गेलं की बरं वाटतं, असं आपण सगळेच म्हणतो. ताडोब्याहून परतलेला मित्र सांगतो, ‘यार, डोकं एकदम शांत झालं.’ पण जंगल माणसाला खरंच बरं करतं का? आणि करत असेल, तर कोणाला?

सुरुवात 1982 पासून करू. त्या वर्षी जपानच्या वनखात्याने ‘शिनरिन-योकू’ हा शब्द रूढ केला. अर्थ सोपा आहे: जंगलात न्हाऊन निघणं. शहरात दमलेल्या माणसांनी झाडांत जावं, हळू चालावं, श्वास घ्यावा. योगायोग बघा, त्याच वर्षी 26 ऑगस्टला चंद्रपूरचे दोन भाग झाले आणि गडचिरोली हा नवा जिल्हा जन्माला आला. जिल्ह्याचा बहुतेक भाग जंगल. जपानी कल्पनेप्रमाणे पाहिलं तर इथली माणसं जगात सगळ्यात निरोगी असायला हवी होती, नाही का?

तसं नव्हतं. 1973 साली प्रकाश आणि मंदाकिनी आमटे भामरागडजवळ हेमलकशाला गेले, तेव्हा दवाखाना झाडाखाली भरायचा. हवा शुद्ध, पाणी नदीचं, सावली दाट. आणि पेशंट? मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया, अस्वलाने फाडलेली माणसं, कुपोषित पोरं. पावसाळ्यात नाले भरले की रस्ताच बंद. म्हणजे नुसत्या हिरवाईने कोणी बरं होत नाही. औषध लागतं, डॉक्टर लागतो, रस्ता लागतो.

मग झाडांचा काहीच उपयोग नाही? थांबा. गोष्ट इथेच रंगते.

1984 साली रॉजर उलरिक नावाच्या अमेरिकी संशोधकाने एक साधा अभ्यास छापला. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले 46 पेशंट. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधंही कमी कडक लागली. हॉस्पिटल कसं बांधावं, या चर्चेत आजही हा अभ्यास हमखास निघतो.

आता परत गडचिरोलीत येऊ. 1986 साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग इथे आले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांच्या लक्षात आलं की गोंड माणसं दवाखान्यात यायलाच घाबरतात. का? त्यांनी लोकांनाच विचारलं. उत्तरं ऐकण्यासारखी होती. एवढी मोठी इमारत, आत हरवायला होतं. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यात. आमच्याकडे मेलेल्याला पांढऱ्यात गुंडाळतात. आणि नातेवाइकांना बाहेर काढतात. आजारी माणसाने एकट्याने कसं राहायचं?

म्हणून धानोरा रस्त्यावर चातगावजवळ, शोधग्राममध्ये, वेगळाच दवाखाना उभा राहिला. इथले वॉर्ड म्हणजे झोपड्या. भोवती झाडं, अंगण. पेशंटसोबत घरच्यांनी राहायचं. दवाखान्याला नाव दिलं दंतेश्वरी देवीचं, कारण देवी सोबत असेल तर भीती कमी. ही रचना कुठल्या आर्किटेक्टच्या डोक्यातून आली नव्हती, लोकांनी सांगितली होती. उलरिकने खिडकी मोजली. इथल्या माणसांनी तर भिंतच नको म्हटलं!

याच भागातल्या आदिवासी बायका झाडांकडे कशा पाहतात, यावर राणी बंग यांनी पुस्तकच लिहिलंय. नाव ‘गोईण’. गोईण म्हणजे मैत्रीण. आपण निसर्गात ‘जातो’, तिथे झाड मैत्रीण आहे. मैत्रिणीला कोणी वीकेंडला बघायला जातं का हो?

पण मैत्रीण असली तरी बाळाचा न्यूमोनिया ती बरा करत नाही. तान्ही मुलं मरत होतीच. मग सर्चने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला: 39 गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण सुमारे 62 टक्क्यांनी घटलं. झाडं तीच, हवाही तीच. फरक पडला तो शिकलेल्या हातांनी.

त्याच रस्त्याने पुढे गेलात की मेंढा-लेखा लागतं. 2009 साली या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तोवर पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या जंगलातला बांबू तोडला, तर माणूस गुन्हेगार ठरायचा. आता विचार करा. ज्या जंगलात पाऊल टाकताना गार्डची भीती वाटते, ते जंगल मन शांत करेल का? माझं मत विचाराल तर इथल्या इतिहासाचा धडा हाच. झाड आधार देतं, पण त्याच्याजवळ माणसाला निर्धास्त उभं राहता आलं पाहिजे.

आणि आपण, फोनवाले? 2019 साली इंग्लंडमधल्या जवळपास 20 हजार लोकांच्या माहितीवरून दिसलं की आठवड्यातून किमान 120 मिनिटं निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. कारण कोणतं, परिणाम कोणता, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण 120 मिनिटं म्हणजे रोजची जेमतेम सतरा! तेवढी रील तर आपण जेवताना बघतो.

तर आज एक करा. घराजवळचं एक झाड निवडा आणि त्याचं नाव शोधून काढा. अॅपवर नको, आजीला किंवा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना विचारा. आणि पुढच्या वेळी ताडोब्याला गेलात, तर वाघासोबत तिथल्या गाइडलाही एक प्रश्न विचारा: ‘दादा, तुमच्या गावापासून दवाखाना किती लांब आहे?’

भेटू पुढच्या भागात. तोवर चालत राहा!