जंजिऱ्याची होडी आणि सत्तरीतला हात

जंजिरा म्हटलं की आपण कलालबांगडी तोफेपाशी फोटो काढतो, संभाजीराजांनी १६८२ साली समुद्रात भराव टाकून किल्ल्यापर्यंत वाट करायला घेतली होती ते सांगतो. आज मात्र मला दरवाजाबद्दल बोलायचंय. महादरवाजा राजपुरीच्या बाजूलाच आहे, पण बुरुजांच्या मधे असा दडवलाय की होडी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. म्हणजे सिद्दीच्या काळात काय नि आज काय, इथल्या तांडेलानं न दिसणाऱ्या जागेवर नेम धरून होडी आणायची. खाली लाट, वर वारा, होडीत माणसं.

आणि सुकाणूवर बऱ्याचदा पिकल्या केसांचा माणूस. वय झालं की नेमाचं काय होतं? आपण धरूनच चालतो, हात संथ झाला म्हणजे संपलं. शास्त्रज्ञांना हे उलगडायला बराच वेळ लागला.

सुरुवात १८९९ ची, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातली. रॉबर्ट वुडवर्थ नावाचा तरुण संशोधक मेट्रोनोमच्या ठोक्यावर माणसांना पेन्सिलीनं रेघा मारायला लावत होता, कधी डोळे उघडे, कधी मिटून. त्याच्या लक्षात आलं, नेमाच्या हालचालीचे दोन तुकडे असतात. आधी लक्ष्याकडे एक झेप, मग शेवटी बघून केलेली बारीक दुरुस्ती. ठोका फारच जलद केला की दुरुस्तीला वेळ उरत नाही. मग डोळे उघडे असून उपयोग शून्य. पुढे वयस्कांवर असे प्रयोग झाले, तेव्हा त्यांचा जादा वेळ मुख्यतः या दुरुस्तीत जातो असं दिसलं.

दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये प्रश्न आला की वयस्क कामगारांना कुठलं काम जमेल. केंब्रिजमध्ये १९४६ पासून ए. टी. वेल्फर्ड यांच्या गटानं दहा वर्षं हाच विषय धरला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: संथपणा स्नायूंत कमी, ‘आता काय करू’ हे ठरवण्यात जास्त.

हे वाचलं तेव्हा मला राजपुरीचे एक तांडेल आठवले. सत्तरीच्या आसपासचे. अर्धी वाट त्यांनी मला माशांच्या भावापासून नातवाच्या मोबाइलपर्यंत सगळं ऐकवलं. तट जवळ आला आणि वाक्य अर्धवट सोडून गप्प! मी विचारत राहिलो, तर फक्त, “थांब पोरा.” शीड उतरलं ते मला वाटलं त्याच्या कितीतरी आधी. होडी आपल्याच वेगानं सरकत पायऱ्यांशी आली. घाई अशी कुठं दिसलीच नाही.

हे गप्प होणं साधं नाही. वय वाढलं की दोन कामं एकदम सांभाळणं जड जातं. चालताना बोलायला लागलं की जे वृद्ध थांबतात, ते पुढे जास्त पडतात, असं स्वीडनमधल्या एका अभ्यासात १९९७ साली दिसलं होतं. तांडेलकाकांनी गप्पा आधीच बंद केल्या. माझ्या मते यात अर्धं कसब आहे.

उरलेलं अर्धं टिमथी सॉल्टहाउस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८४ साली टायपिस्टांमध्ये पकडलं. वयं १९ ते ७२. झटपट प्रतिक्रिया देण्याच्या चाचणीत मोठ्या वयाचे मागे पडले. टायपिंगचा वेग मात्र तरुणांइतकाच! कारण त्यांची नजर कागदावर जास्त पुढची अक्षरं वाचत असे. पुढचा मजकूर झाकत नेला, की त्यांचाच वेग आधी पडायचा.

तीस सेकंदांत ओटीपी टाका म्हणणारं ॲप आजीला का छळतं, ते इथं कळतं. पुढं काय येणार हे तिला दिसतच नाही. आणि आपण मागून “अगं लवकर” म्हणत तिला बोलतं ठेवतो.

परतताना मी काकांना विचारलं, रात्रीच्या मासेमारीला जाता का. “जातो की. पन रातचं सुकाणू पुतण्याकडं. पुढचं पानी मला दिसत नाय, मग हात उशिरा चालतो.” तेव्हा ते नाळेवर बसतात, लाटेचा आवाज ऐकतात आणि पुतण्याला कुठं वळायचं ते ओरडून सांगतात.