पोथीचा बंद आणि बोटांवरची वीण

हस्तलिखितांची यादी करतांना पत्रसंख्या, लांबीरुंदी, लिपि व लेखनकाल यांची नोंद आपण कसोशीनें करतों. परंतु ज्या दोरीनें पोथी बांधलेली असते तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. बासन जीर्ण झालें कीं त्याबरोबर बंदही टाकून दिला जातो. जुन्या लेखकांची दृष्टि निराळी होती. पाणी, तेल आणि सैल बंधन यांपासून पुस्तकाचें रक्षण करावें, अशी विनंती पोथीच्या शेवटीं वारंवार येते. "ग्रंथ" हा शब्दही गुंफणें, बांधणें या अर्थाच्या "ग्रन्थ्" धातूपासूनच झालेला आहे. ताडपत्रांना छिद्र पाडून त्यांतून दोरी ओवीत. आपल्याकडील कागदी पोथीचीं सुटीं पत्रें फळ्यांमध्यें ठेवून बासनांत बांधीत. तेव्हां बंद हा पोथीचाच एक अवयव होय.

हातानें केलेल्या दोरीचे मुख्य प्रकार तीन. पहिला पिळाचा. जानव्याचें सूत चार बोटांभोंवतीं ९६ वेढे देऊन मोजतात, तिपदरी करून पिळतात व पुन्हां तिप्पट करून नऊ तंतूंचें सूत्र सिद्ध करतात. येथें हात हेंच माप. दुसरा प्रकार वेणीचा. यांत अनेक पदर एकमेकांवरून नेतात. रेशमी गोंडे व करगोटे करणाऱ्या पटवेकऱ्यांचें हें काम. दोऱ्याचें एक टोंक पायाच्या अंगठ्यास अडकवून ते तो ताणून धरीत.

तिसरा प्रकार फांसांच्या विणीचा. यास सुई किंवा माग लागत नाहीं. डाव्या हाताच्या चार बोटांमधून सूत एकदां पुढून, एकदां मागून असें नेऊन परत आणतात. त्यावर दुसरा थर देतात. मग प्रत्येक बोटावरील खालचा फांस वरच्या सुतावरून उचलून बोटामागें टाकतात. हीच क्रिया पुनःपुन्हां केली असतां हाताच्या मागें अरुंद पट्टी उतरत जाते. एकाच बोटावर विणल्यास साखळी होते.

हे प्रकार ओळखण्यास भिंग पुरतें. पिळाचे पदर एकाच दिशेनें तिरपे जातात व उलट फिरवितांच सुटे होतात. वेणीचे पदर एका कडेकडून दुसरीकडे जातात आणि टोंकाशीं तितकेच धागे निघतात. फांसांची वीण मात्र एकाच अखंड सुताची असते. ती ताणली असतां लांबते, सोडली असतां आंखडते. तिचा शेवटचा फांस सुटल्यास सर्व दोरी उसवूं शकते, म्हणून परीक्षेकरितां टोंक ओढूं नये.

आतां कालनिर्णयाचा प्रश्न. सुयांवर विणलेले जुने मोजे इजिप्तमध्यें सांपडले आहेत. ते सुमारें अकराव्या ते चौदाव्या शतकांतील मानतात. आपल्याकडे सुया व लोकर यांचा प्रसार एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांच्या व मुलींच्या शाळांमधून झाला. परंतु बोटांवरच्या विणीस सुईच लागत नसल्यानें केवळ विणीवरून काळ ठरवितां येत नाहीं. सुताची साक्ष अधिक उपयोगी. चातीवरचें सूत जाडबारीक असतें, गिरणीचें एकसारखें. मुंबईस पहिल्या कापडगिरणीची स्थापना इ. स. १८५४ त झाली. विलायती सूत त्यापूर्वींच येऊं लागलें होतें. म्हणून शके १६५० च्या पोथीस गिरणीच्या सुताचा बंद असल्यास तो मागाहून घातलेला, हें उघड आहे.

परंतु मागाहूनचा म्हणून तो निरुपयोगी ठरत नाहीं. पुष्पिकेंत पोथी लिहिणाऱ्याचें नांव मिळतें. ती पुढें जपणाऱ्यांचें सहसा मिळत नाहीं. रेशमी वेणी बहुधा बाजारांतून आणलेली. बोटांवरची वीण घरांतल्या हातांची, मग ते आजीचे असोत वा नातवाचे. पोथी कोणाच्या तरी ममतेंत होती, याचा तेवढाच लेख कधीं कधीं उरलेला असतो.

यास्तव संग्राहकांस विनंती कीं, बंद बदलणें अवश्य झाल्यास जुना बंद कागदाच्या पाकिटांत पोथीचा क्रमांक घालून ठेवावा. आणि यादींत द्रव्य, रंग, लांबी, सुताची जात व विणीचा प्रकार एवढी एक ओळ वाढवावी.