श्वासांची मोजदाद

लहान मुलाचा खोकला साध्या सर्दीचा आहे की न्यूमोनियाचा, हे ओळखणे पुष्कळ काळ केवळ डॉक्टरांचे काम मानले जाई. नळी लावून छाती तपासावी, क्ष-किरणांनी फुप्फुसाचे चित्र घ्यावे आणि मग निदान करावे, अशी शास्त्राची रीत. परंतु जेथे डॉक्टर नाही आणि क्ष-किरणांचे यंत्रही नाही, अशा खेड्यातील मुलाचे काय, या प्रश्नाला त्या रीतीत उत्तर नव्हते.

१९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पापुआ न्यू गिनी येथे काम करणारे डॉ. फ्रँक शान यांनी ते उत्तर शोधले. खोकणारे मूल मिनिटाला पन्नासाहून अधिक श्वास घेत असेल, तर त्याला न्यूमोनिया असण्याचा संभव मोठा, असे त्यांना आढळले. म्हणजे निदानाला यंत्राची नव्हे, तर डोळ्यांची आणि मोजण्याची गरज होती.

या विचाराची मोठी कसोटी लागली ती गडचिरोली जिल्ह्यात. चंद्रपूरपासून वेगळा होऊन हा अरण्यमय जिल्हा १९८२ साली अस्तित्वात आला. तेथे १९८६ पासून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचे कार्य सुरू झाले. विदर्भातील खेड्यांत या दुखण्याला ‘डब्बा’ म्हणतात. धापणारे मूल आईला ओळखू येत होते. तिच्याजवळ नव्हते ते औषध. म्हणून गावातील आरोग्यसेवक आणि सुइणी यांना श्वास मोजून गोळ्या देण्याचे शिक्षण देण्यात आले. १९८८-८९ मध्ये ५८ गावांत हा प्रयोग झाला आणि शेजारची ४४ गावे तुलनेसाठी घेतली गेली. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालील मुलांत न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत हजारी १७.५ होते, तर प्रयोगाच्या गावांत ८.१.

अनेक सुइणींना पन्नासापर्यंत मोजता येत नसे. त्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असलेले एक साधे उपकरण तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. दोन महिन्यांखालील बाळासाठी पाच निळ्या मण्यांनंतर, तर मोठ्या मुलासाठी चार निळ्या मण्यांनंतर एक लाल मणी असे. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, म्हणजे न्यूमोनिया समजावयाचा.

तथापि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातील मृत्यूंचा प्रश्न उरलाच होता. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७६३ नवजात बाळांवर घरोघरी जाऊन लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी शेकडा ५४ बाळांना वैद्यकीय उपचारांची आवश्यकता होती. परंतु डॉक्टरांपर्यंत पोहोचली ती शेकडा तीनसुद्धा नव्हती. बाळाला घराबाहेर काढू नये ही रूढी, पैशाची चणचण आणि पावसाळ्यात तुटणारी वाट यांमुळे दवाखाना दूरच राही. दवाखान्याच्या नोंदवहीवरून त्या जिल्ह्याच्या दुखण्याचा अंदाज बांधणाऱ्यास ही बाळे कधीच दिसली नसती.

मग उपचारच घरी नेण्यात आले. गावातीलच स्त्रिया बाळाचे वजन करू लागल्या, श्वास मोजू लागल्या आणि जंतुदोषावर इंजेक्शनही देऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी त्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी २५.५ वर आले; तुलनेच्या गावांत ते ५९.६ होते. पुढे २०११ साली भारत सरकारने ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत नवजात बाळांची घरी काळजी घेण्याची योजना देशभर स्वीकारली.

या इतिहासात औषध नवीन नव्हते, रोगही नवीन नव्हता. नवीन होते ते एवढेच, की रोगी येण्याची वाट न पाहता कोणीतरी झोपडीच्या दारात बसून एक मिनिटभर मुलाचे श्वास मोजले आणि ते वहीत लिहून ठेवले.