ब्रेन ट्यूमरचं ऑपरेशन: आयसीयूमध्ये रुग्णाला तासातासाला का उठवतात?

"नाव काय तुमचं? आता कुठे आहात? माझा हात दाबा बघू." ब्रेन ट्यूमरच्या ऑपरेशननंतर पहिल्या रात्री हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. डोळा लागतो न लागतो तोच नर्स परत हजर, सोबत डोळ्यांवर टॉर्चचा उजेड. रुग्ण वैतागतो, नातेवाईकांनाही वाटतं, 'जरा झोपू तरी द्या!'

मग झोपू का देत नाहीत?

कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. आत रक्तस्राव झाला किंवा सूज वाढली, तर मेंदूवर दाब येतो. त्याची पहिली खूण अनेकदा रुग्णाच्या प्रतिसादात दिसते: वाढती गुंगी, अडखळतं उत्तर, एका हातातली कमी झालेली ताकद. माणूस झोपलाय की गुंगीत गेलाय, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून उठवावं लागतं.

गुण कसे देतात?

यासाठी 'ग्लासगो कोमा स्केल' वापरतात. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या डॉक्टरांनी ती 1974 मध्ये मांडली. डोळे उघडण्याला 4, बोलण्याला 5 आणि हालचालीला 6 असे जास्तीत जास्त 15 गुण. कमीत कमी 3. गुण घसरले की डॉक्टरांना बोलावतात, गरज पडल्यास तातडीने सीटी स्कॅन होतो.

नातेवाईकांनी आधीच काय सांगावं?

प्रश्न हिंदीत आणि रुग्णाला फक्त मराठी कळत असेल, तर चुकलेलं उत्तर गोंधळल्यासारखं वाटू शकतं. म्हणून रुग्णाची भाषा, कमी ऐकू येणं, आधीपासूनचा हातापायाचा अशक्तपणा आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असल्यास तेही नर्सला सांगा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाहुलीचा आकार बदललेला असू शकतो.

आणखी काय जाणवू शकतं?

कवटी उघडून ऑपरेशन झालं असेल, तर डोळ्याभोवती सूज आणि काळंनिळं दिसू शकतं. सहसा ते काही दिवसांत ओसरतं. सूज कमी करणाऱ्या डेक्सामेथासोनमुळे भूक वाढते, झोप उडते, चिडचिड होते, रक्तातली साखरही वाढू शकते. तरीही हे औषध मनाने अचानक बंद करू नका.

घरी आल्यावर

वाढती डोकेदुखी, उलट्या, फिट, ताप, जखमेतून पाणी किंवा न उतरणारी गुंगी दिसली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. लगेच हॉस्पिटल गाठा.